सर जॉर्ज लॉईड आणि डिलाईल रोडच्या चाळी

लोअर परळ स्टेशनाच्या दोन्ही अंगांनी दोन मोठे रस्ते गेले आहेत. पूर्वेकडील रस्त्यास पूर्वी डिलाईल रोड म्हणत. आज त्याच्या पाटीवर ना. म. जोशी मार्ग असे नाव आहे. पश्चिमेकडील रस्ता म्हणजे जुना तुळशी पाईप रोड. त्यास आता सेनापती बापट मार्ग म्हणतात. यांपैकी पहिल्या रस्त्याच्या कडेला बत्तीस चाळींची एक वसाहत शतकभर नांदली. तिचे बांधकाम ज्यांनी काढले त्यांचे नाव तिला नाही. सारी मुंबई तिला 'बीडीडी चाळी' एवढ्याच नावाने ओळखते. या तीन अक्षरांचा अर्थ 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट', म्हणजे मुंबईचे विकासखाते. हे खाते १९२० साली ज्यांच्या पुढाकाराने निघाले ते गृहस्थ म्हणजे मुंबई इलाख्याचे त्या वेळचे गव्हर्नर सर जॉर्ज अँब्रोज लॉईड. त्यांच्या राजकीय कारकीर्दीचा विचार करणे हा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक खुलासा अवश्य आहे. आजचे राज्यपाल आणि त्या काळचे गव्हर्नर यांच्यांत पदनामापलीकडे फारसे साम्य नाही. आपल्या राज्यघटनेप्रमाणे राज्यपाल सामान्यतः मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात आणि ते मंत्रिमंडळ विधानसभेस जबाबदार असते. १९१८ सालचा मुंबईचा गव्हर्नर हा स्वतःच सरकार होता. सिंधपासून कारवारपर्यंत पसरलेल्या इलाख्यावर त्याचा अंमल चाले. त्याची नेमणूक लंडनहून होई आणि त्याने जाब द्यावयाचा तो लंडनला व दिल्लीला. १९१९ च्या सुधारणा कायद्याने १९२१ पासून काही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपविली हे खरे. परंतु पैसा, पोलीस, तुरुंग, जमीनमहसूल आणि पाटबंधारे ही खाती 'राखीव' म्हणून गव्हर्नराकडेच राहिली. ज्याच्या हातांत तिजोरी, जमीन आणि बेडी या तिन्ही वस्तू आहेत, त्याच्या बऱ्या-वाईट गुणांना मोठे मैदान मिळते. लॉईडसाहेबांना ते पाच वर्षे मिळाले.

परळ आणि गव्हर्नर यांचा संबंध तसा जुना आहे. एके काळी गव्हर्नरांचा वाडा परळलाच होता. १८८२ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नी कॉलऱ्याने वारल्या, आणि पुढे गव्हर्नरांनी मलबार टेकडीच्या टोकावर वास्तव्य नेले. १८९९ साली त्या रिकाम्या वाड्यात हाफकिनसाहेबांची प्लेगची प्रयोगशाळा आली. इकडे परळ, लालबाग, लोअर परळ हा सारा मुलूख कापडगिरण्यांनी व्यापून टाकला. गव्हर्नर डोंगरावर आणि गिरणगाव खाली, अशी विभागणी झाली. या गिरणगावाची आठवण सरकारास बहुधा दोनच प्रसंगी होई: साथ आली म्हणजे, किंवा संप झाला म्हणजे. १९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणी-कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. त्या वेळी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क, म्हणजेच पुढचे लॉर्ड सिडनहॅम, यांच्या सरकारने या वस्तीकडे बंदुकीच्या नळीतूनच पाहिले.

लॉईडसाहेब हे त्याहून निराळ्या घडणीचे गृहस्थ होते. त्यांचा जन्म १८७९ चा. बर्मिंगहॅमकडील पोलादाचा धंदा करणाऱ्या सुखवस्तू घराण्यात ते वाढले. ईटन आणि केंब्रिज येथे शिकले. केंब्रिजला असताना ऑक्सफर्डविरुद्धच्या नौकाशर्यतीत १८९९ व १९०० अशी दोन वर्षे ते सुकाणूवर होते. या शर्यतीत आठ जण वल्ही मारतात आणि नववा सुकाणू धरून त्यांना हुकूम देतो. लॉईडसाहेबांची पुढची सारी कारकीर्द पाहिली म्हणजे ही जागा त्यांच्या स्वभावास किती अनुरूप होती हे ध्यानात येते. तुर्कस्थान व पूर्वेकडील देशांत त्यांनी पुष्कळ प्रवास केला. १९१० साली ते हुजूर पक्षातर्फे पार्लमेंटात निवडून आले. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीवर आणि नंतर अरबस्तानाकडील कामगिरीत टी. ई. लॉरेन्स यांच्या मंडळीत त्यांनी काम केले. १९१८ च्या डिसेंबरात, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ते मुंबईचे गव्हर्नर झाले.

ते आले तो काळ सुखाचा नव्हता. आधीचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांचे स्मारक करण्याच्या सभेस विरोध करण्यासाठी ११ डिसेंबर १९१८ रोजी बॅरिस्टर जीनांच्या पुढारीपणाखाली नागरिकांनी टाऊन हॉल दणाणून सोडला होता. इन्फ्लुएन्झाच्या साथीने नुकतेच शहर झोडपून काढले होते. धान्य व कापड महागले होते. युद्धात गिरण्यांनी अलोट नफा कमावला, पण मजुरीचा दर महागाईच्या मागे रांगत होता. १९१९ च्या जानेवारीत एक लाखाहून अधिक कामगारांनी संप केला, आणि वर्षभराने, १९२० च्या जानेवारीत, त्याहूनही मोठा संप झाला. नव्या गव्हर्नरास गिरणगावाची ओळख अशी झाली.

लॉईडसाहेबांनी संपांची कारणे केवळ चिथावणीखोरांच्या माथी मारून विषय मिटविला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. मजुरांची राहणी, मजुरी व खर्च यांची पद्धतशीर माहिती गोळा करणारे लेबर ऑफिस त्यांच्याच अमदानीत, १९२१ साली, निघाले. आणि मजुरांच्या असंतोषाचे मूळ घरांच्या टंचाईत आहे, हेही त्यांनी जाणले. १९२१ च्या खानेसुमारीप्रमाणे मुंबईची सुमारे दोन-तृतीयांश वस्ती एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होती. त्या वर्षी शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बालके वर्षाच्या आत दगावल्याची नोंद आहे. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात व जन्माची नोंद तिकडे होई. त्यामुळे हा आकडा काहीसा फुगलेला आहे हे मान्य केले, तरी उरते तेही अंगावर काटा आणण्यास पुरेसे आहे.

या टंचाईवर लॉईडसाहेबांनी योजलेला उपाय त्यांच्या स्वभावाला साजेसा भव्य होता. एकेका खोलीची पन्नास हजार बिऱ्हाडे सरकारने बांधावयाची. त्यासाठी सार्वजनिक कर्ज काढावयाचे. आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवून खर्चाचा बोजा हलका करावयाचा, असा हा बेत होता. ज्या कापसावर मुंबई श्रीमंत झाली त्यानेच मजुरास छप्पर द्यावे, ही कल्पना न्यायाची होती. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने १८९८ पासून काही चाळी बांधल्या होत्या. परंतु सरकारने एवढ्या विशाल प्रमाणावर मजुरांसाठी घरे बांधावयास घ्यावीत हे हिंदुस्थानात अपूर्व होते. नायगाव, शिवडी, वरळी आणि डिलाईल रोड अशा चार ठिकाणी काम सुरू झाले.

चाळींचा नमुना एकच ठरला. तळमजला व त्यावर तीन मजले. मधोमध लांबलचक बोळ. बोळाच्या दोन्ही बाजूंस दहा-दहा खोल्या. प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. आणि मजल्यावरील सर्व बिऱ्हाडांस मिळून सामाईक संडास. एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडे. बांधकाम सिमेंट-काँक्रीटचे, म्हणजे त्या काळी अगदी नवे व टिकाऊ. आपल्या जुन्या चाळीत खोलीपुढे मोकळी गॅलरी असते. तीत उभे राहिले की रस्ता दिसतो, वारा लागतो, शेजारणीशी दोन शब्द बोलता येतात. या नव्या चाळीत दाराबाहेर पाऊल टाकले की समोर दुसऱ्याचे दार आणि बोळातला काळोख. कागदावर हा आराखडा काटकसरीचा होता. त्याच्या आत दिवस कसा जाईल हे मात्र कागदावर दिसत नाही.

आणि येथेच लॉईडसाहेबांच्या राज्यकारभाराचे मर्म आहे. घर मजुरासाठी होते, पण मजुरास कोणी विचारले नव्हते. त्या काळी मुंबईत दर हजार पुरुषांमागे सुमारे सव्वापाचशे स्त्रिया होत्या. रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेला गडी बहुधा कुटुंब गावी ठेवून येई. तो गावकीच्या खोलीत दहाबारा जणांबरोबर राही, ट्रंक व वळकटी भिंतीशी ठेवी, खानावळवालीकडे जेवे आणि पगारातून शिल्लक पडेल ती मनिऑर्डरीने घरी धाडी. त्यास हवे होते ते गिरणीच्या भोंग्याच्या हाकेवर असलेले ठिकाण, उधारीवर धान्य देणारा वाणी आणि जवळ आपल्या गावची माणसे. वरळीच्या उघड्या माळावर उभ्या राहिलेल्या चाळींत यांपैकी काहीच नव्हते. भाडी खर्चाच्या मानाने उतरवूनही तेथील कित्येक चाळी वर्षानुवर्षे ओस पडल्या. डिलाईल रोडच्या चाळींचे दैव बरे. गिरण्या पायाखालीच असल्यामुळे तेथे वस्ती झाली. पन्नास हजार बिऱ्हाडांचा संकल्प अखेर २०७ चाळींवर, म्हणजे साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्यांवर, येऊन थांबला. पुढे १९३० च्या कायदेभंगात अटक केलेल्या सत्याग्रहींना ठेवावयास तुरुंग अपुरे पडले, तेव्हा सरकारने वरळीच्या याच चाळींत तात्पुरता तुरुंग केला. मजुरांसाठी बांधलेली घरे कैद्यांनी भरली, यापेक्षा त्या योजनेवर अधिक बोलके भाष्य कोणते असणार?

विकासखात्याचे दुसरे मोठे काम म्हणजे बॅकबेमध्ये समुद्र हटविण्याचे. कुलाब्यापासून चौपाटीच्या बाजूस आठ विभागांत ११४५ एकर जमीन निर्माण करावयाची, ती विकून खर्च भागवावयाचा व वर नफा मिळवावयाचा, असा हिशेब होता. प्रारंभीचा अंदाज पावणेचार कोटींच्या आतबाहेर होता; तो पुढे दुपटीच्या घरात गेला. गाळ उपसण्यासाठी आणलेल्या यंत्रनौकेस 'सर जॉर्ज लॉईड' असेच नाव दिले होते. तिच्याकडून अपेक्षेप्रमाणे काम होईना. भराव वाहून जाऊ लागला, जमिनींचे भाव कोसळले, आणि अखेर आठांपैकी चारच विभाग, सुमारे ४४० एकर, पुरे झाले. या प्रकरणाचा पाठपुरावा वीर नरीमन यांनी कायदेकौन्सिलात व वृत्तपत्रांत नेटाने केला. १९२६ साली अलाहाबाद हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. हार्वे नावाच्या अधिकाऱ्याने नरीमन यांच्यावर अब्रूनुकसानीची फिर्याद केली. १९२८ साली नरीमन निर्दोष सुटले. लोकांनी या भरावास 'लॉईडचा मूर्खपणा' असे नाव पाडले होते. परंतु मूर्खपणा हा शब्द येथे अपुरा आहे. चूक शहाण्याकडूनही होते; ती वेळीच दाखविणारा माणूस कारभाराच्या बाहेर ठेवला की तिचे कोटींचे नुकसान होते.

तिसरे प्रकरण मुळशीचे. मुंबईच्या गिरण्यांना विजेची गरज होती, आणि टाटा कंपनीने मुळशी पेट्यात नीला व मुळा यांच्या संगमाशी धरण बांधावयास घेतले. पन्नासच्या आसपास मावळी गावे पाण्याखाली जाणार होती. धंद्यासाठी लागणारी ही जमीन लॉईडसाहेबांच्या सरकारने सक्तीच्या भूसंपादन कायद्याने घेऊन दिली. शेतकऱ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट या पुढाऱ्यास 'सेनापती' ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. तुरुंगवासही त्यांनी पुष्कळ भोगला. धरण झालेच; १९२७ पासून त्याची वीज मिळू लागली. परळच्या गिरण्यांतील चाके या विजेवर फिरली आणि त्याच गिरण्यांत मावळातून व घाटावरून उठून आलेली माणसे राबली. हा व्यवहार देशाच्या हिताचा होता की नव्हता याविषयी मतभेद होऊ शकेल. परंतु ज्याची जमीन जावयाची त्यास 'नाही' म्हणण्याचा अधिकारच नव्हता, याविषयी मतभेद असू नये.

आता राजकारणाकडे वळू. १९१९ च्या एप्रिलमध्ये रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. गांधीजींना पलवल येथे अडवून ११ एप्रिल रोजी मुंबईस परत आणले, तेव्हा पायधुणीवर गर्दी व घोडेस्वार यांची गाठ पडली. पंजाबात या काळात जे घडले ते मुंबईत घडले नाही. लॉईडसाहेबांनी शहरात लष्करी कायदा पुकारला नाही, हे त्यांच्या संयमाचे लक्षण मानावे लागेल. परंतु त्याच महिन्याच्या २६ तारखेस 'बॉम्बे क्रॉनिकल' चे संपादक हॉर्निमन यांना त्यांनी हद्दपार करून बोटीवर चढविले. हॉर्निमन स्वतः इंग्रज होते. त्यांचा अपराध एवढाच की ते हिंदी लोकांच्या बाजूने लिहीत. खटला नाही, बचाव नाही, कैफियत नाही, नुसता हुकूम.

३१ जुलै १९२१ रोजी परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात गांधीजींनी परदेशी कापडाची होळी पेटविली. ज्या भागात लॉईडसाहेब मजुरांसाठी घरे उभारीत होते त्याच भागात हजारो लोक त्यांच्या सरकाराविरुद्ध जमले. १७ नोव्हेंबरला युवराज मुंबईस उतरले. त्या दिवशी शहरात दंगल उसळली. पारशी, ख्रिस्ती व सरकारपक्षीय लोकांवर हल्ले झाले, उलट हल्लेही झाले, आणि चार-पाच दिवसांत पन्नासांहून अधिक माणसे प्राणास मुकली. गांधीजींनी आपल्याच अनुयायांच्या कृत्याने व्यथित होऊन उपोषण केले. लॉईडसाहेबांनी यातून घेतलेला धडा निराळा होता. गांधीजींना अटक केलीच पाहिजे, असा त्यांचा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्यापाशी सतत आग्रह होता. अखेर १० मार्च १९२२ रोजी साबरमतीस अटक झाली. १८ मार्चला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी सहा वर्षांची शिक्षा सांगितली. आणि गांधीजी येरवड्यास गेले. पुढे एका मुलाखतीत लॉईडसाहेबांनी असे कबूल केले की, हा जगाच्या इतिहासातील फार मोठा प्रयोग होता आणि तो यशाच्या अगदी जवळ पोचला होता. शत्रूची ताकद ओळखण्याइतकी बुद्धी त्यांना निश्चितच होती. त्या ताकदीचे मूळ कशात आहे, हे मात्र त्यांना उमगले नाही.

न्यायबुद्धीने पाहता त्यांच्या जमेच्या बाजूसही मोठ्या रकमा मांडाव्या लागतात. सिंधमध्ये सक्करजवळ सिंधू नदीस बांध घालून वाळवंट भिजविण्याची कल्पना कित्येक वर्षे दप्तरात पडून होती. लॉईडसाहेबांनी ती विलायतेत मंजूर करवून घेतली, आणि २४ ऑक्टोबर १९२३ रोजी तिचा पाया घातला. सहासष्ट दरवाजांचा, सुमारे मैलभर लांबीचा हा बांध १९३२ च्या जानेवारीत पुरा होऊन 'लॉईड बॅरेज' या नावाने खुला झाला. आजही पाकिस्तानच्या सिंध प्रांताची शेती मोठ्या अंशाने त्यावर उभी आहे. इकडे पुणे जिल्ह्यात भाटघरच्या नव्या धरणाचे काम आधीपासून चालू होते. ते १९२७ साली पुरे झाले आणि त्यासही लॉईडसाहेबांचे नाव मिळाले. नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडचा मुलूख हिरवा केला. धडाडी, चिकाटी आणि काम तडीस नेण्याची तळमळ या गुणांत लॉईडसाहेबांची बरोबरी करणारे गव्हर्नर मुंबईस थोडेच लाभले.

१९२३ च्या डिसेंबरात ते परत गेले. पुढील आयुष्यातही त्यांचा स्वभाव पालटला नाही. १९२५ साली लॉर्ड लॉईड होऊन ते ईजिप्तचे हायकमिशनर झाले. तेथे निवडणुकीत विजयी झालेल्या झगलूल पाशांना मुख्य प्रधान होऊ द्यावयाचे नाही, म्हणून १९२६ साली त्यांनी ब्रिटिश युद्धनौकेचा धाक घातला. १९२९ साली विलायतेत मजूर पक्ष अधिकारावर येताच परराष्ट्रमंत्री हेंडरसन यांनी त्यांना राजीनामा द्यावयास लावला. १९३५ च्या हिंदुस्थान सुधारणा कायद्यास त्यांनी चर्चिलसाहेबांच्या बरोबरीने कडवा विरोध केला. १९४० साली चर्चिल मुख्य प्रधान झाल्यावर ते वसाहतमंत्री झाले, आणि ४ फेब्रुवारी १९४१ रोजी निधन पावले. हिंदुस्थानात त्यांनी कालवे दिले, घरे दिली. हिंदी माणसास स्वतःचा कारभार स्वतः करू द्यावा, हे त्यांस अखेरपर्यंत पटले नाही. वरवर पाहता हा विरोध वाटतो. वस्तुतः दोहोंत एकच सूत्र आहे. लोकांचे हित लोकांहून आपणांस अधिक कळते, या श्रद्धेतूनच त्यांची बांधकामे निघाली आणि हद्दपारीचे हुकूमही निघाले.

या संदर्भात आणखी एका माणसाची आठवण करणे प्राप्त आहे. नारायण मल्हार जोशी यांचाही जन्म १८७९ चा. लॉईडसाहेबांचे आणि त्यांचे वय एकच. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा हा शिक्षक १९०९ साली भारत सेवक समाजात आला. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रीच्या शाळा, वाचनालये, औषधोपचार अशी कामे मजुरांच्या वस्तीत चालविली. १९१९ साली वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेस ते गेले. १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली तीत त्यांचा वाटा मोठा होता. १९२१ पासून १९४७ पर्यंत ते मध्यवर्ती कायदेमंडळात मजुरांचे प्रतिनिधी होते. कामगार संघांच्या नोंदणीचा ठराव त्यांनी १९२१ साली मांडला. कायदा झाला १९२६ साली. बाळंतपणाच्या रजेचे बिल त्यांनी १९२४ साली आणले. ते फेटाळले गेले, परंतु १९२९ साली मुंबई प्रांताने तसा कायदा केला. जोशांच्या कामात नेत्रदीपक असे काही नाही. पायाभरणीचे समारंभ नाहीत, कोटींचे आकडे नाहीत. मजुराच्या खोलीत जावयाचे, त्यास विचारावयाचे, त्याचे म्हणणे टिपून घ्यावयाचे आणि ते वर्षानुवर्षे कायदेमंडळात मांडीत राहावयाचे, एवढेच. परंतु गिरणीतील दहा तासांचा दिवस, अपघाताची भरपाई, संघ करण्याचा हक्क, या गोष्टी कामगारांच्या संपांतून आणि अशा चिवट कामातून मिळाल्या, आणि मिळाल्या त्या हक्क म्हणून. कोणा गव्हर्नराची कृपा म्हणून नव्हे.

डिलाईल रोडच्या चाळींचा पुढील इतिहासही हेच सांगतो. सरकारी आराखड्यात नव्हते ते सर्व काही रहिवाशांनी तेथे आणले. त्या काळोख्या बोळांत मुले क्रिकेट खेळली, लग्नाच्या पंगती बसल्या, गणपती बसले, भजनी मंडळे व व्यायामशाळा निघाल्या, संपाच्या सभा भरल्या. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपापासून १९८२ च्या संपापर्यंत गिरणगावावर आलेले प्रत्येक संकट या खोल्यांनी सोसले. सिमेंट लॉईडसाहेबांच्या खात्याचे होते. घरपण रहिवाशांनी आणले.

स्वतंत्र झाल्यावर मुंबईने आपल्या रस्त्यांची व चौकांची नावे बदलली, तेव्हा एक लक्षणीय गोष्ट घडली. ज्यांना लॉईडसाहेबांनी बोटीवर चढविले त्या हॉर्निमन यांचे नाव फोर्टातील एल्फिन्स्टन सर्कलला मिळाले. ज्यांनी बॅकबेचा जाब विचारला त्या नरीमन यांचे नाव बॅकबेच्याच भरावावरील टोकास, नरीमन पॉइंटला, मिळाले. मुळशीच्या सेनापतींचे नाव गिरण्यांच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यास मिळाले, आणि चाळींसमोरच्या रस्त्यास ना. म. जोशी यांचे. भाटघरच्या जलाशयास आज येसाजी कंकाचे नाव आहे. कोणी बसून हा सूड योजला असे नव्हे. निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या कारणांनी ही नावे पडली. परंतु एका गव्हर्नराच्या कर्तृत्वाच्या खुणा जेथे जेथे आहेत तेथे तेथे त्यास प्रश्न विचारणाऱ्यांची नावे असावीत, यात लोकांच्या न्यायबुद्धीचा हात नाही असे कोण म्हणेल?

आज या चाळींची जागा उंच इमारती घेत आहेत. पुनर्विकासाचा आरंभ २०१७ साली झाला. १९२० च्या १६० चौरस फुटांऐवजी ५०० चौरस फुटांचे घर रहिवाशांस मिळावयाचे आहे, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना अशा पहिल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शेजारच्या गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे आहेत. योजना पुन्हा भव्य आहे, आकडे पुन्हा मोठे आहेत. फरक एवढा की आज रहिवासी मतदार आहे. तो सभेत उठून उभा राहू शकतो, कोर्टात जाऊ शकतो, पुढच्या निवडणुकीत सरकार बदलू शकतो. हा अधिकार कोणत्याही गव्हर्नराने बांधून दिलेला नाही, आणि तो न वापरल्यास सिमेंटपेक्षा लवकर झिजतो. लॉईडसाहेबांची कारकीर्द वाचण्याचा उपयोग एवढाच की, राज्यकर्त्याची धडाडी पाहून आपण भारावून जाऊ लागलो म्हणजे एक साधा प्रश्न विचारण्याची सवय जडावी: ज्याच्यासाठी हे चालले आहे, त्यास कोणी विचारले काय?